इंजिन उघडण्याआधी टाकीचं झाकण उघडा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टेरी टॉवेलच्या कारखान्यात ३४ वर्षं जॉबर म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. गेल्या दोन महिन्यांत माझ्या जुन्या गाडीपायी जे अनुभवलं, ते आपल्या शहरातल्या प्रत्येक टेम्पोवाल्याच्या, स्कूल व्हॅनवाल्याच्या कानावर जावं असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

गाडी २००४ ची टेम्पो ट्रॅव्हलर. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेलं, जुनं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल. पंप पूर्ण मेकॅनिकल, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या फेऱ्या मारणाऱ्या माणसाकडून घेतली. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तासाभरापेक्षा जास्त तिला बसवत नाही. पण तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही तिची ठाणी, ती सुटत नाहीत. म्हणून मागच्या सीटा काढून लाकडी पलंग केला, दोन बर्नरची शेगडी बसवली, फळीखाली साठ लिटरची पाण्याची टाकी लावली. बदलाची आरटीओत रीतसर नोंद केली, पर्यावरण करही भरतो. गल्लीतली पोरं तिला 'घरगाडी' म्हणतात.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी आम्ही तुळजापूरला निघालो. सकाळी पुणे नाक्याजवळ टाकी फुल्ल केली. हिप्परग्याचा तलाव मागे पडला, तामलवाडी गेली, तोवर गाडी मस्त पळत होती. घाट लागला आणि तिचा दमच गेला. एरवी थर्डला चढणारी गाडी सेकंडला आली, मग फर्स्टला. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, पण इंजिनाचा आवाज वाढायच्या ऐवजी बसत चाललेला. मागे एसटी, तिच्यामागे भाविकांच्या जीपा, हॉर्नवर हॉर्न. बायको मागून विचारते, "अहो, काय झालं?" आणि मला उत्तर येत नाही. कशीबशी कडेला घेतली. अर्धा तास थांबलो, पुन्हा स्टार्ट केली, तर काही झालंच नव्हतं अशी वर चढली.

इथून गॅरेजच्या चकरा सुरू झाल्या. गॅरेजचं नाव लिहीत नाही. तो मुलगा वाईट नाही, आणि माझं म्हणणं एका गॅरेजपुरतं नाहीच. पहिल्यांदा त्याने दोन्ही डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. होटगी रोडला पाच-सहा किलोमीटर ट्रायल मारली, गाडी छान. पुढच्या आठवड्यात घाटात पुन्हा तेच. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढून टेस्टिंग करून आणले. तिसऱ्या वेळी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि वर येणारी वाफ मला दाखवली. "काका, बघा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन बसलंय. इंजिनकाम करावं लागेल." म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांतून खाली गळून ऑइलच्या बाजूला येतोय. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम धरून ९२ हजारांचा अंदाज कागदावर लिहून दिला. तोवर फिल्टर, नोझल आणि मजुरीत माझे नऊ हजार गेलेच होते.

ऑइलच्या झाकणातून थोडी वाफ वीस वर्षं चाललेल्या कुठल्याही डिझेल इंजिनातून येते. एकदम रेस दिली की काळ्या धुराचा एक लोट निघतो, तोही या जुन्या इंजिनांचा स्वभावच आहे. ही दोन लक्षणं दाखवून आपल्याकडे इंजिनकामाचा निकाल दिला जातो, आणि गाडीवाला मान डोलावतो, कारण त्याच्या डोळ्यांनी वाफ पाहिलेली असते. आमच्या शेजारच्या दूधवाल्याने मागच्या साली असंच पतसंस्थेचं कर्ज काढून टेम्पोचं इंजिनकाम केलं. नवं इंजिन, आणि ओढ पहिल्यासारखीच नाही. शेवटी निघालं काय, तर सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून धुराच्या वाटेत आडवा पडला होता. धूर बाहेर जाईना म्हणून ताजी हवा आत येईना. कर्जाचे हप्ते तो अजून भरतो आहे. त्याचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता म्हणूनच मी तो ९२ हजारांचा कागद खिशात घालून गाडी घरी आणली.

कुणीतरी इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी सांगितलं, "अण्णा, बघायचे आठशे होतील. बिघाड सापडला तरी आठशे, नाही सापडला तरी आठशे."

मी म्हणालो, नुसतं बघायचे कसले पैसे? उठूनच चाललो होतो. बायकोने अडवलं. म्हणाली, "डॉक्टरला तपासायची फी देतोच की आपण. गोळी लिहून दिली नाही म्हणून फी परत मागता काय?"

चाचांनी पहिला पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. त्रास थंड गाडीला होतो का गरम? किती किलोमीटरनंतर? धूर कोणत्या रंगाचा? काळा असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा नोझल गळतो. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. मी आठवून सांगितलं की घाटात दम गेला तेव्हा आरशात धूर दिसलाच नव्हता. चाचा म्हणाले, "ताकद नाही आणि धूरही नाही, म्हणजे इंजिन उपाशी आहे अण्णा. डिझेल पोचतच नाही."

मग त्यांनी विचारलं, टाकी फुल्ल असताना जास्त होतं का अर्धी असताना? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला सवय आहे, जॉबर होतो तेव्हापासून वही ठेवतो. वहीत पाहिलं. चार वेळा गाडीने मार खाल्ला होता, चारही वेळा निघताना टाकी फुल्ल केली होती. अर्ध्या टाकीवर एकदा अक्कलकोटला जाऊन आलो, तेव्हा काही नाही.

शेवटचा प्रश्न होता, त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं? मी म्हणालो, काही नाही. आणि मग आठवलं. पंधरा दिवस आधी रात्री कुणीतरी टाकीतलं डिझेल काढून नेलं होतं, म्हणून मी कुलपाचं नवं झाकण बसवलं होतं. जाड रबरी वायसर, घट्ट बसणारं.

इथे मला स्वतःचाच राग आला. कारखान्यात माझं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर गेलं. मागावर आडवं सूत नेणारा धोटा पल्याडच्या पेटीत पोचत नाही अशी तक्रार आली की कामगार म्हणायचा, मोटार कमजोर झाली. मी आधी विचारायचो, कालपासून काय बदललं? नवा बीम चढवला? सुताचा लॉट बदलला? पट्टा कधी ओढला होता? पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडला की धोट्याला मार कमी बसतो, मोटारीचा काही दोष नसतो. त्यासाठी लूम उतरवला असता तर मालकाने मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. हे सगळं माहीत असून स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी महिनाभर तो प्रश्न विचारला नाही.

तरी चाचा एकदम झाकणावर गेले नाहीत. अंदाज बरोबर वाटला तरी बाकीचं आधी वगळायचं, ही त्यांची पद्धत. मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावून ते पंपावरचा लिव्हर पाहत बसले. लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकत नव्हता, कारण मी पायाखाली जाड मॅट टाकलं होतं आणि पेडल त्यावर अडत होतं. मॅट कापलं. एक चक्कर मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, ब्रेक धरून राहिला असेल तर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, आमच्याकडे आवाजच बसत होता, म्हणून तो विषय तिथेच संपला. मग त्यांनी सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे आकडे घेतले आणि माझ्याच वहीत लिहायला लावले: २२, २१, २२, २०. दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो. हे इंजिन नवं असताना साधारण २२ ते २४ देतं. १५ च्या खाली गेलं किंवा सिलिंडरा-सिलिंडरात तीनहून जास्त फरक पडला तर इंजिनकामाचा विचार करायचा. ज्या इंजिनाला 'बसलंय' म्हटलं होतं, ते बसलेलं नव्हतं. ही चाचणी तासाभरात झाली आणि तिला एकही नवा पार्ट लागला नाही.

दुसऱ्या दिवशी टाकी फुल्ल करून आम्ही दोघं तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. निघण्याआधी चाचांनी टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाईपमध्ये वीतभर मऊ पारदर्शक नळी जोडली होती. नळीतून पिवळसर डिझेल स्वच्छ दिसत होतं, एकही बुडबुडा नाही. घाटात गाडीने दम सोडला तसं मी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावले. इंजिन बंद करू नका म्हणाले. बॉनेट उघडून मला नळी दाखवली. ती सुकलेल्या शेंगेसारखी चपटी झाली होती, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटायला आल्या होत्या, आणि मधून बारीक फेस सरकत होता. "आता जाऊन टाकीचं झाकण उघडा."

मी किल्ली फिरवली. झाकण सुटत नव्हतं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. जोर लावला तसं सुटलं आणि हवा फुस्स करून आत गेली. बाहेर नाही, आत. तळहात तोंडावर धरला तर आतून ओढ जाणवली. तिकडून चाचा ओरडले, "गोल झाली! नळी गोल झाली!" झाकण सैल ठेवून, त्यावर फडकं बांधून आम्ही निघालो आणि तोच घाट थर्डमध्ये चढलो. संपादक महोदय, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

कारण अगदी साधं होतं. डिझेल टाकीतून बाहेर जातं तेवढीच हवा आत यावी लागते, त्यासाठी टाकीला ब्रीदरची बारीक नळी असते. आमच्या पाण्याच्या टाकीचा अँगल बसवताना ती नळी त्याखाली दबली होती. तीन वर्षं ते कळलं नाही, कारण जुन्या झाकणाचं वायसर झिजलेलं होतं आणि तिथून हवा जात होती. नवं घट्ट झाकण लावलं आणि तोही रस्ता बंद झाला. टाकी फुल्ल असली की वर हवा जेमतेम चार-पाच लिटर. तुळजापूरपर्यंत साधारण चार लिटर डिझेल जळलं की तेवढ्याच हवेला जवळपास दुप्पट जागा भरावी लागते, दाब उतरतो, आणि फीड पंपाला त्या ओढीविरुद्ध डिझेल खेचता येत नाही. टाकी अर्धी असली की वर तीस लिटर हवा असते, तिथे चार लिटरचा फरक जाणवत नाही. अर्धा तास थांबलं की कुठल्यातरी सांध्यातून हवा हळूहळू शिरते, म्हणून गाडी पुन्हा बरी वाटायची. आणि गॅरेजमधली पाच किलोमीटरची ट्रायल नेहमी पास व्हायची, तेही यामुळेच. नवी नळी आणि क्लिपा मिळून १८० रुपये लागले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते सांगतो. त्या पहिल्या गॅरेजच्या मुलाला मी दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. त्याने पहिल्या दिवशी माझ्या गाडीपाशी दोन तास घालवले आणि मी त्याला त्या दोन तासांचा एक रुपया दिला नाही, कारण फिल्टरचे पैसे दिले म्हणजे झालं असं मी समजत होतो. आपल्याकडे पार्टला पैसे आहेत, तो बसवायच्या मजुरीला पैसे आहेत, पण शोधायला पैसे नाहीत. जो माणूस दोन तास शोधून १८० रुपयांची नळी बदलेल तो उपाशी राहील, आणि जो न शोधता इंजिन उतरवेल त्याचं गॅरेज चालेल. ही व्यवस्था आपण गिऱ्हाइकांनी तयार केली आहे. मिस्त्री लोकांना माझी विनंती आहे की तपासणीचे पैसे वेगळे लावा, दुकानाबाहेर पाटीवर लिहा आणि निःसंकोच मागा. गाडीवाल्यांना विनंती की ते द्या, पण बदल्यात आकडे मागा. कॉम्प्रेशन किती आलं, कोणत्या सिलिंडरला किती, गेज कुणासमोर लावलं, हे कागदावर घ्या. आकड्यांशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. आकडे खरंच कमी असतील, सकाळी थंडीत गाडी उचलत नसेल, निळा धूर आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जात असेल, तर काम जरूर करा, त्यात चालढकल नको.

दुसरी काळजी मला तरुण मिस्त्रींची वाटते. माझी गाडी पाहून एका गॅरेजमध्ये हुशार मुलगा स्कॅनर घेऊन आला आणि पायाशी सॉकेट शोधत राहिला. या गाडीला सॉकेटच नाही. नव्या गाड्या कॉम्प्युटरला बोलून दाखवतात, या जुन्या गाड्यांना आपणच प्रश्न विचारावे लागतात. सोलापुरात अशा गाड्यांवर भाजीची, दुधाची, शाळेच्या मुलांची ने-आण चालते, त्यावर पोट असणारी घरं आहेत. चाचांसारखी माणसं आता सत्तरीला आली आहेत. त्यांच्या दुकानात एकही शिकाऊ पोरगं नव्हतं, मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले आणि गेज पुसून डब्यात ठेवलं.

विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये आणि शहरातल्या इतर संस्थांमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना इंजिन खोलायला आणि जोडायला शिकवतात, ते हवंच. पण चालू इंजिनात मुद्दाम बिघाड करून ठेवायचा आणि एकही पार्ट न बदलता तो मुलांना शोधायला लावायचा, असा एक तास आठवड्याला असावा. पाईपची क्लिप सैल करा, पेडलखाली मॅट टाका, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा. मुलांनी आधी प्रश्न विचारावेत, वहीत लिहावं, आणि मगच पाना हातात घ्यावा.

कुणी शिक्षक हा प्रयोग करणार असतील तर माझी घरगाडी मी एक दिवस विनामोबदला आणून उभी करतो, डिझेलही माझं. चाचा यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. टाकी फुल्ल करीन, ब्रीदरची नळी दाबून ठेवीन, आणि ते कुलपाचं नवं झाकणही परत लावीन, अजून जपून ठेवलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त जॉबर,
पूर्व भाग, सोलापूर